ए-बीटाचं अ‍ॅग्रिगेशन खरंच थांबलं का, हे कसं तपासावं

तुमच्याकडे एखादा छोटा रेणू आहे, पाच-सहा अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे किंवा लेप दिलेले नॅनोकण आहेत, आणि त्यामुळे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या ए-बीटा प्रथिनाचं अ‍ॅग्रिगेशन, म्हणजे एकत्र येऊन धागे तयार होणं, थांबेल असा तुमचा कयास आहे. तो कयास थायोफ्लेविन टी (धाग्यांवर बसला की चमकणारा डाय) आणि प्लेट रीडर (छोट्या वेल्समधली चमक वेळेनुसार मोजणारं यंत्र) वापरून कसा पडताळायचा, ते इथे सांगते. बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या बाजूने या विषयात येणाऱ्यांना मशीन चालवणं लगेच जमतं. अडतं ते दुसरीकडे. चमकेची रेघ खाली आली म्हणजे अ‍ॅग्रिगेशन थांबलं, असं धरून ते पुढे जातात. काय थांबलं, कुठल्या पायरीवर थांबलं आणि थांबलेलं प्रथिन आता कुठल्या रूपात आहे, या तिन्हींची उत्तरं हातात आल्याशिवाय इन्हिबिटर, म्हणजे रोखणारा रेणू, हा शब्द वापरू नका, एवढा माझा आग्रह आहे.

आधी पायऱ्या बघू. ए-बीटा हा एपीपी नावाच्या मोठ्या प्रथिनाचा तुकडा. बीटा-सिक्रिटेज आणि गामा-सिक्रिटेज ही एन्झाइमं तो कापून वेगळा करतात. ४० अमिनो आम्लांचा तुकडा जास्त प्रमाणात बनतो, पण ४२ चा तुकडा एकत्र यायला जास्त उत्सुक. सुटे तुकडे, म्हणजे मोनोमर, जवळ येऊन पहिलं केंद्रक बनतं, ते प्रायमरी न्यूक्लिएशन. धाग्याच्या टोकांना मोनोमर जोडले जातात, ते इलाँगेशन. आणि तयार धाग्याच्या अंगावर मोनोमर येऊन तिथे नवी केंद्रकं जन्मतात, ते सेकंडरी न्यूक्लिएशन. २०१३ साली सारा लिन्से, टुओमस नोल्स, ख्रिस्तोफर डॉब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की थोडे धागे एकदा तयार झाले की ए-बीटा ४२ चे नवे ऑलिगोमर (मोजक्या मोनोमरचे छोटे पुंजके) मुख्यतः या तिसऱ्या वाटेने येतात.

पेशींना सर्वात जास्त इजा हे छोटे ऑलिगोमर करतात, याला भरपूर पुरावा आहे. त्यामुळे नुसतं इलाँगेशन रोखणारा रेणू उलट धोक्याचा ठरू शकतो. धागे हळू वाढतात, मोनोमर जास्त वेळ शिल्लक राहतात आणि त्यांच्यातून ऑलिगोमर बनायला अवधी मिळतो. सेकंडरी न्यूक्लिएशन रोखलं तर ऑलिगोमरची संख्याच घटते. प्लेट रीडरवर मात्र दोन्ही रेघा उशिरा चढतात आणि वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात.

मोनोमर

विकत आणलेल्या ए-बीटा पेप्टाइडच्या कुपीवर शुद्धता ९५ टक्के लिहिलेली असते. ती रासायनिक शुद्धता. त्या पावडरमध्ये आधीच एकत्र आलेले किती पुंजके आहेत, हे तो आकडा सांगत नाही. हे पुंजके बियांसारखे वागतात आणि तुमची रेघ सुरुवातीपासूनच वर चढवतात. मग प्रत्येक प्लेट वेगळं उत्तर देते आणि दोष रेणूवर जातो.

पावडर ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये विरघळवा. त्यात पुंजके सुटतात. मग सुपरडेक्स ७५ च्या, आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून ते द्रावण २० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ८, ०.२ मिलिमोलर ईडीटीए अशा बफरमध्ये चालवा. धातू पकडून ठेवणारं ईडीटीए कशाला? तांबं आणि जस्ताचे अंशसुद्धा ए-बीटाचा वेग बदलतात, म्हणून. तुमचा रेणू धातू पकडूनच काम करत असेल तर अर्थातच या बफरमध्ये त्याचा परिणाम झाकला जाईल, तेव्हा तो प्रयोग वेगळा लावा. पीएचबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. ए-बीटाचा समविद्युत बिंदू ५.३ च्या आसपास आहे आणि तिथे तो झपाट्याने पुंजके धरतो. आम्लातून न्यूट्रलकडे येणारी कुठलीही पद्धत त्या टप्प्यातून जाते, म्हणून ती टाळा.

आता कॉलमसमोर बसा, उठून जाऊ नका. २८० नॅनोमीटरची रेघ बघत राहा. आधी पुंजक्यांचा छोटा उंचवटा येतो, मग मोनोमरचं शिखर, आणि शेवटी ग्वानिडीन. मोनोमरच्या शिखराचा फक्त मधला भाग घ्या. पुढची चढण आणि मागचा उतार टाकून द्यायला जीवावर येतं, कारण पेप्टाइड महाग असतं. तरी टाका. गोळा केलेली ट्यूब थेट बर्फात, आणि ट्यूब लो-बाइंडिंगचीच हवी, कारण साध्या प्लास्टिकला ए-बीटा चिकटतो. पिपेटने मिसळताना बुडबुडा येऊ देऊ नका. हवा आणि पाण्याच्या सीमेवर ए-बीटा जमतो आणि तिथेच केंद्रकं बनू लागतात. टिप द्रावणात ठेवून सावकाश ओढा, भिंतीलगत सावकाश सोडा, आणि शेवटचा थेंब फुंकून बाहेर काढू नका.

कॉन्सन्ट्रेशन मोजताना हिशोब साधा आहे. ए-बीटात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन एकच आहे, दहाव्या जागी. म्हणून २८० नॅनोमीटरला मोलर शोषण गुणांक सुमारे १४९०. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण ०.०४५ आलं तर ३० मायक्रोमोलर. इतक्या छोट्या आकड्यात बेसलाइन जराशी सरकली तरी उत्तर बिघडतं. त्यामुळे मी एका थेंबावर मोजणाऱ्या यंत्रावर विसंबत नाही, कॉलमच्या शिखराखालचं क्षेत्रफळच धरते.

कॉलम नसेल तर एचएफआयपी या द्रावकात विरघळवून, ते पूर्ण उडवून, उरलेली पातळ फिल्म सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घ्या आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये पुंजके खाली बसवा. चालतं. पण एचएफआयपीचा अंश राहिला तर तोच वेग बदलतो, आणि तुमच्या नॅनोकणांच्या सूक्ष्म परिणामावर बोलण्याइतकी ही पद्धत भरवशाची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच आलेखात दोन बॅचचं पेप्टाइड मिसळू नका. पस्तिसाव्या जागेवरचं मेथिओनिन ऑक्सिडाइझ झालं की अ‍ॅग्रिगेशन मंदावतं. मास स्पेक्ट्रममध्ये १६ डाल्टनची वाढ दिसली तर ती कुपी बाजूला ठेवा.

प्लेट भरताना

पीईजीचा (प्रथिन चिकटू न देणारा) लेप असलेली, काळी, पारदर्शक तळाची, अर्ध्या क्षेत्रफळाची ९६ वेलची प्लेट घ्या. थायोफ्लेविन टी गाळून, अंधारात ठेवून, वेलमध्ये शेवटी १० मायक्रोमोलरच्या आसपास येईल असं वापरा. उत्तेजन ४४० आणि उत्सर्जन ४८० नॅनोमीटर, वाचन तळातून, तापमान ३७ अंश, हलवणं बंद. सगळं बर्फावर भरा, आधी तुमचा रेणू आणि डाय, शेवटी मोनोमर, मल्टिचॅनल पिपेटने एका दमात. वर चिकट फिल्म लावा आणि कडेच्या वेल्समध्ये नुसतं पाणी ठेवा, म्हणजे बाष्पीभवनाचा त्रास आतल्या वेल्सना होत नाही.

प्रत्येक स्थितीचे किमान तीन वेल हवेत, आणि मोनोमरची एकच कॉन्सन्ट्रेशन घेऊन थांबू नका. १ ते ५ मायक्रोमोलरमध्ये पाच-सहा पायऱ्या घ्या. का, ते आकड्यातच बघू. सिग्नल अर्ध्यावर पोहोचायला लागणारा वेळ म्हणजे हाफ-टाइम. वर सांगितलेल्या बफरमध्ये ए-बीटा ४२ चा हाफ-टाइम मोनोमरच्या कॉन्सन्ट्रेशनच्या सुमारे उणे १.३ व्या घाताने बदलतो. मोनोमर दुप्पट केला की हाफ-टाइम साधारण अडीचपट घटतो. याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या रेणूचं द्रावण घालताना मोनोमर चुकून २० टक्के पातळ झाला, किंवा २० टक्के मोनोमर तुमच्या नॅनोकणांना जाऊन चिकटला, तर हाफ-टाइम आपोआप एक तृतीयांशाने वाढतो. काहीही न रोखता इन्हिबिटर मिळाल्याचा देखावा तयार! म्हणून बफर-कंट्रोलमधलं आयतन, डीएमएसओचं (रेणू विरघळवायच्या द्रावकाचं) प्रमाण आणि मोनोमर सगळीकडे तंतोतंत सारखं ठेवा. डीएमएसओ एक टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका.

खोटे इन्हिबिटर

माझा सर्वात जास्त वेळ इथे जातो आणि तुमचाही जायला हवा. थायोफ्लेविन हा एक डाय आहे. तो धाग्यांच्या खाचांमध्ये बसला की चमकतो. चमक कमी झाली, याची धागे खरोखर रोखले जाण्याखेरीज निदान चार कारणं असू शकतात.

पहिलं, तुमचा रेणू स्वतःच ४४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषत असेल तर डायपर्यंत प्रकाशच कमी पोहोचतो. कर्क्युमिन इथे नेहमी फसवतं. त्याचं शोषण ४२५ च्या आसपास आहे आणि ते स्वतःही चमकतं. सोन्याचे नॅनोकणही या पट्ट्यात बरंच शोषतात. दुसरं, रेणू धाग्यावर डायच्याच जागी बसत असेल तर डाय बाहेर फेकला जातो. धागे जसेच्या तसे, चमक गायब. क्वेर्सेटिनसारखी पॉलिफेनॉल्स या दोन्ही वाटांनी गोंधळ घालतात. ग्रीन टीमधलं ईजीसीजी तर आणखी गुंतागुंतीचं. ते डायच्या वाचनात अडथळा आणतं आणि शिवाय ए-बीटाला खरोखर वेगळ्या, धागा न होणाऱ्या पुंजक्यांकडेही वळवतं.

यावर एक सोपा उपाय आहे आणि तो प्रत्येक प्लेटवर असायलाच हवा. नुसत्या पेप्टाइडचे दोन-तीन वेल पठारावर, म्हणजे चमक वाढायची थांबते तिथे, पोहोचू द्या. मग फिल्म उचलून त्यात तुमचा रेणू घाला आणि लगेच वाचन घ्या. दुसऱ्या वेलमध्ये तेवढंच नुसतं बफर. रेणू घातल्या घातल्या चमक कोसळली तर तो प्रकाशाचा किंवा जागेचा खेळ आहे. पक्के धागे मिनिटभरात विरघळत नाहीत. पेप्टाइडशिवाय नुसता रेणू आणि डाय असलेले वेलही ठेवा, म्हणजे रेणू स्वतः किती चमकतो ते कळतं.

पठाराची उंची पाहून निष्कर्ष काढायची सवय सोडा. प्रकाश शोषला गेला तर सगळी रेघ एकाच प्रमाणात खाली येते, पण हाफ-टाइम जागचा हलत नाही. उंची घटली आणि हाफ-टाइम तोच, असं दिसलं की मी आधी डायवर संशय घेते.

तिसरं कारण म्हणजे रेणू पाण्यात स्वतःच गोळे धरतो. बरेच तेलकट रेणू काही मायक्रोमोलरच्या वर कोलॉइडी कण बनवतात आणि ते कण भेटेल ते प्रथिन पृष्ठभागावर ओढून घेतात. २००८ मध्ये ब्रायन शोइचेट यांच्या गटाने दाखवलं की अमायलॉइड रोखणारे म्हणून गाजलेले काही रेणू असंच वागतात. अशा वेळी मात्रेचा आलेख अचानक, कड्यासारखा उतरतो. बफरमध्ये नुसता रेणू घालून डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणं) करा, शंभर नॅनोमीटरच्या पुढचे कण दिसतात का बघा. एन्झाइमवाले अशा वेळी थोडा डिटर्जंट घालून बघतात. आपल्याकडे तो मार्ग जपून वापरा, कारण एसडीएससारखा डिटर्जंट कमी प्रमाणात ए-बीटाचा वेग उलट वाढवतो.

चौथं कारण वर येऊन गेलंच, मोनोमर कमी होणं.

इतकं झाल्यावर डायला बाजूला ठेवा. पठारावर पोहोचलेलं द्रावण जोरात सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रवात किती मोनोमर उरला ते एचपीएलसीवर मोजा. थायोफ्लेविन सांगतं "धागे नाहीत" आणि वरच्या द्रवातही मोनोमर नाही, असं निघालं तर प्रथिन गेलं कुठे? बहुधा धाग्याच्या आकाराचे नसलेले पुंजके तळाला बसलेत, किंवा भिंतीला चिकटलेत. तोच नमुना टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) ग्रिडवर युरेनिल अ‍ॅसिटेटने रंगवून बघा. युरेनिल विषारी आणि किंचित किरणोत्सारी आहे, नियमाप्रमाणे हाताळा. ग्रिडवर एकाच ठिकाणी झूम करून सुंदर चित्र घेऊ नका, वेगवेगळ्या चौकटी बघा.

कुठली पायरी थांबली

खरा इन्हिबिटर आहे अशी खात्री पटली की बियांचे प्रयोग लावा. थायोफ्लेविन न घालता धागे पठारापर्यंत वाढवा आणि थोडा वेळ सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी) तुकडे करा; हे तुकडे म्हणजेच बिया. हे करताना हातमोजे घाला, झाकण बंद ठेवा आणि तुषार उडू देऊ नका. मृतदेहांतून काढलेलं वाढ-संप्रेरक दिलेल्या रुग्णांच्या मेंदूत ए-बीटाच्या बिया पोहोचल्याचा पुरावा २०१५ मध्ये छापून आला. हा धोका तुमच्या बाकावर लहान असला तरी तो गांभीर्यानेच घ्यावा.

मोनोमरच्या तीस-चाळीस टक्के बिया घातल्या तर केंद्रक बनायची वाटच बघावी लागत नाही. रेघ पहिल्या क्षणापासून चढते आणि तिचा सुरुवातीचा उतार म्हणजे निव्वळ इलाँगेशन. इथे तुमच्या रेणूने उतार कमी केला तर तो टोकं बंद करतोय. आता एक-दोन टक्के बिया घाला. प्रायमरी न्यूक्लिएशनची गरज संपली, पण रेघ वर जायला सेकंडरी न्यूक्लिएशन लागतंच. जास्त बियांत काहीच परिणाम नाही, थोड्या बियांत रेघ उशिरा चढते, असं आलं तर सेकंडरी न्यूक्लिएशन रोखलं गेलंय. दोन्हींत परिणाम नाही आणि बिया नसतानाच उशीर होतोय, तर प्रायमरी. ब्रिकोस नावाचा चॅपरोन-भाग (इतर प्रथिनांना सांभाळणाऱ्या प्रथिनाचा तुकडा) यातल्या सेकंडरीच्या प्रकारात मोडतो. २०१५ मध्ये तो धाग्याच्या पृष्ठभागावर बसून सेकंडरी न्यूक्लिएशन बंद करतो आणि विषारी ऑलिगोमर घटवतो, हे याच तर्कावर सिद्ध झालं.

मग सगळे आलेख अमायलोफिटमध्ये टाका. ही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली, फुकट वापरता येणारी प्रणाली आहे. आधी नुसत्या पेप्टाइडच्या सर्व कॉन्सन्ट्रेशन एकत्र फिट करून स्थिरांक ठरवा. मग रेणूच्या वेल्ससाठी एका वेळी एकच स्थिरांक मोकळा सोडा आणि कुठल्याने सगळ्या रेघा बसतात ते बघा. तिन्ही एकदम सोडले तर कुठलीही रेघ सुरेख बसते आणि त्यातून काही म्हणजे काही कळत नाही.

नॅनोकणवाल्यांनो, मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहू नका. प्रतिमिलिलिटर एकूण पृष्ठभाग काढा आणि त्याची मोनोमरशी तुलना करा. तोच कण कमी पृष्ठभागाला वेग वाढवतो आणि जास्त पृष्ठभागाला मोनोमर अडकवून वेग घटवतो, हे अमिनो गट असलेल्या पॉलिस्टायरिन कणांत दिसलेलं आहे. एकाच मात्रेवर घेतलेला निकाल त्यामुळे अर्धवट राहतो.

ही सगळी मेहनत केवळ पेपरसाठी नाही. अ‍ॅग्रिगेशन रोखण्यासाठी बनवलेलं ट्रॅमिप्रोसेट २००७ मध्ये रुग्णांवरच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरलं. मोनोमर पकडणारं सोलानेझुमॅब हे अँटिबॉडी-औषधही पुढे जाऊ शकलं नाही. लेकॅनेमॅब ही दुसरी अँटिबॉडी मुख्यतः प्रोटोफायब्रिलना (पूर्ण धागा होण्याआधीच्या पुंजक्यांना) धरते. तिने १८ महिन्यांत सीडीआर-एसबी या स्मृतिभ्रंशाची तीव्रता मोजणाऱ्या मापावर ०.४५ गुणांचा फरक दाखवला आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची पूर्ण मान्यता मिळवली, तेही १२.६ टक्के रुग्णांत मेंदूला सूज दिसूनही. आणि २०२० मध्ये अशाच प्लेटवरच्या आलेखांतून दिसलं की अ‍ॅडुकॅनुमॅब, सोलानेझुमॅब आणि त्यांच्या जातीच्या अँटिबॉडी वेगवेगळ्या पायऱ्यांवर काम करतात. लेकॅनेमॅबने दाखवलेला फरक कमी आहे, पण रुग्णांच्या घरची माणसं अशा प्रत्येक बातमीकडे डोळे लावून बसलेली असतात, आणि म्हणून कच्च्या रेणूला आशेचं नाव देताना माझा हात अडतो.

पेशींवर जाताना एमटीटीवर (जिवंत पेशी रंगीत फॉर्मझान बनवतात, त्यावरून मोजणाऱ्या चाचणीवर) एकट्यावर भिस्त ठेवू नका. ए-बीटा पेशींमधून फॉर्मझान बाहेर टाकायला लावतं आणि पेशी जिवंत असूनही आकडा पडतो. जोडीला एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम मोजणारी चाचणी) घ्या. आणि विसरू नका की मज्जाद्रवातलं ए-बीटा ४२ नॅनोमोलरच्याही खाली असतं, तर आपण मायक्रोमोलरमध्ये काम करतो. तुमचा रेणू मोनोमरच्या दहापट लागत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

लिहिताना नॉर्मलाइझ केलेल्या आलेखाशेजारी कच्चे आलेख द्या, प्रत्येक वेलचे, सरासरी न काढता. पेप्टाइड कृत्रिम की रिकॉम्बिनंट, बॅच कुठली, मोनोमर कॉलममधून निघाल्यावर किती वेळाने प्लेट सुरू झाली, प्लेटचा लेप कुठला, हे पद्धतीच्या भागात असू द्या. पठारावर रेणू घातल्याचा कंट्रोल पुरवणीत ढकलू नका, तो पहिल्या आकृतीत ठेवा.